बारी सोडू की गाणं?

कणकवलीचा पोरगा: वय २१, बी.कॉम. झालंय. दहावीपासून आमच्या भजनी बुवांबरोबर डबलबारीला (दोन बुवांचा भजनाचा सामना) जातो, गेल्या वर्षापासून स्वतः गायला बसतो. बुवा काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या चढ्या सुरात गातात, मीही तसाच. दोन वर्षांपूर्वी शास्त्रीय गाणं सुरू केलं, मध्यमा पूर्णची परीक्षा झाली. गुरुजी म्हणतात तुझी पट्टी काळी एक, बरीच खालची, दोन वर्षं बारी बंद ठेव, नाहीतर गळा जाईल. बुवा म्हणतात गळा बारीतच तयार होतो, बंद खोलीत नाही. मामा गिरगावात ये म्हणतो. बाबांचं एकच, बँकेच्या परीक्षा दे. चतुर्थी तोंडावर आलीय, बुवांनी सुपाऱ्या घेऊन ठेवल्यात. कोणाचं ऐकू?

आजगावकर: झिला, गुरुजींचा आयक. घसो बसलो काय मग कोण इचारूक येवचो नाय.

पखवाजवाला: गुरुजी बरोबरच असतात असं कोणी सांगितलं? मोठमोठे जाणकार पेटीला नाक मुरडत होते. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला साथीला बसू दिलं नाही. म्हणून गुहागरच्या गोविंदराव पटवर्धनांनी पेटी वाजवायची सोडली का? बारीत समोरचा बुवा गजरात, म्हणजे भजनाच्या जोशातल्या भागात, कोंडीत पकडतो, तेव्हा जो हजरजबाबीपणा लागतो तो कुठल्या परीक्षेत मिळतो सांगा.

आजगावकर: पेटी वेगळी, गळा वेगळा. पेटीचा भाता फाटला तर नवा बसवता येतो.

पखवाजवाला: हे मात्र खरं. पण बारी बंद केली तर बिदागी बंद, आणि गुरुजींची फी चालूच. ती कोण भरणार? सल्ला देणाऱ्याचं पोट कशावर चालतं तेही बघावं.

रत्नागिरीची गायिका: म्हणजे गुरुजी फीसाठी सांगतात? असं बोलू नये. मी १४ वर्षं शिकवतेय. पट्टी सोडून वर गाणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा खालचा षड्ज लागत नाही, मंद्रात, खालच्या सप्तकात, नुसती हवा येते. ते परत आणायला दोन वर्षंसुद्धा कमी पडतात. तरी एक विचारते, बारीच बंद करायला हवी का? तुझ्या पट्टीत बारी गाता येणार नाही?

पखवाजवाला: ताई, काळी एकमध्ये गजर म्हटला तर मागची माणसं चहाला उठतील.

देवगडचा काका: बाबांचं कोणी बोलतच नाही! वसंतराव देशपांड्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी केली. 'कट्यार काळजात घुसली' नाटकातले खाँसाहेब १९६७ साली रंगवले तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती. बँकेत चिकट आणि संध्याकाळी गा.

रत्नागिरीची गायिका: काका, वसंतरावांची तालीम लहानपणापासून झाली होती. या मुलाची आत्ता कुठे सुरू झालीय. आणि बँकेत लागला तर बदली कुठे होईल याचा नेम नाही, मग गुरुजी कुठले! मामाचंही तसंच. मुंबईत राहायला जागा आहे म्हणजे गाणं आहे असं नव्हे. तिथे जाऊन नक्की कोणाकडे शिकणार ते आधी ठरव. आणि आवाजाचं म्हणशील तर हे इथे भांडून ठरणार नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घे. गुरुजी, बुवा, मी, आम्ही सगळे बाहेरूनच ऐकतोय.

देवगडचा काका: हे पटलं. पण परीक्षेचा फॉर्म भरून ठेव रे.

कणकवलीचा पोरगा: काल तपासून आलो. स्वरतंतूंना सूज आहे, गाठ नाही. दोन महिने वर गायचं नाही, ओरडायचं नाही. फॉर्म भरलाय, बाबा खूश. बुवांना सांगितलं, यंदा झांज वाजवीन, तोंड उघडणार नाही. तासभर बोलले नाहीत. मग म्हणाले, झांज तरी तालात वाजव.