व्हिएतनाम युद्धातील हेलिकॉप्टर वैमानिकांची टोपणनावे

वाचनवेडा:
व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी हेलिकॉप्टर वैमानिकांच्या आठवणी वाचताना ‘ह्युई’, ‘स्लिक’, ‘लोच’ अशी नावे पानोपानी भेटतात. रोज माणसे मरत असताना त्यांना ही थट्टा सुचत तरी कशी होती, की ती केवळ कामाची परिभाषा होती?

गगनविहारी:
बहुतेक नावे कामातूनच आली आहेत. हेलिकॉप्टरांना मूलनिवासी जमातींची नावे देण्याच्या सैन्याच्या प्रथेनुसार यूएच-१ चे अधिकृत नाव ‘इरोक्वाय’ होते. परंतु त्याची आधीची संज्ञा एचयू-१ असल्यामुळे सर्वांच्या तोंडी ‘ह्युई’ बसले. सैनिक वाहून नेणाऱ्या ह्युईच्या बाजूंना रॉकेटे लटकवलेली नसत, म्हणून ती ‘स्लिक’, म्हणजे गुळगुळीत. टेहळणीच्या हलक्या हेलिकॉप्टरच्या एलओएच या आद्याक्षरांचा ‘लोच’ झाला. टेहळणी पथकाचा रंग पांढरा आणि हल्ला करणाऱ्या पथकाचा तांबडा, म्हणून एक लोच आणि एक कोब्रा, म्हणजे हल्ल्याचे हेलिकॉप्टर, मिळून ‘पिंक टीम’. लोचने झाडांच्या शेंड्यांलगत फिरून गोळीबार अंगावर ओढवून घ्यायचा आणि वर घिरट्या घालणाऱ्या कोब्राने त्या जागेवर तुटून पडायचे, अशा कामाला गुलाबी म्हणणे हा विनोद कुणी मुद्दाम केला असेल असे मला वाटत नाही.

चक्रधर:
‘जीझस नट’ हा मात्र मुद्दाम केलेलाच विनोद आहे. ह्युईचे मुख्य पाते आसाच्या टोकाशी धरून ठेवणारे ते एकच नट. इंजिन बंद पडले तरी फिरत्या पात्यांच्या आधाराने खाली उतरता येते. हे नट निसटले तर पातेच निघून जाणार आणि मागे येशूचा धावा तेवढा उरणार. उड्डाणापूर्वी छतावर चढून ते नट नीट पाहणे हा तपासणीचाच भाग होता. साऱ्या यंत्राची धास्ती एका नटाच्या माथी मारली, की ती निदान तपासून तरी घेता येते! छातीवरच्या चिलखती पाटीला ‘चिकन प्लेट’, म्हणजे भित्र्याची ढाल, म्हणून हिणवणारेही ती अंगावर चढवूनच उडत असत.

जुनी वही:
नवख्या सहवैमानिकाला ‘पीटर पायलट’ म्हणत, यात चेष्टा उघडच आहे. ‘डस्ट ऑफ’ची मात्र तऱ्हा वेगळी. जखमींना उचलणाऱ्या ५७ व्या वैद्यकीय तुकडीचे हे रेडिओवरील नाव केवळ एका यादीतून आले होते. हेलिकॉप्टर उतरताना उडणाऱ्या धुळीला ते इतके शोभले की पुढे कुणी बदललेच नाही. याच तुकडीचे प्रमुख मेजर चार्ल्स केली यांना ‘मॅडमॅन’ म्हणत, कारण गोळीबार चालू असतानाही ते जखमींसाठी खाली उतरत. १ जुलै १९६४ रोजी जमिनीवरून त्यांना निघून जाण्यास बजावले, तेव्हा ‘तुमचे जखमी माझ्याकडे आले की’ एवढेच ते म्हणाले. त्यानंतर त्यांना गोळी लागली.