किराणा दुकानदार असलेल्या वडिलांवर स्मरणिका लिहिताना काय घ्यावे?

उमरेडची लेक

नमस्कार. माझे वडील उमरेडला किराणा दुकान चालवत असत. येत्या पौषात त्यांचे वर्षश्राद्ध आहे आणि त्या निमित्ताने एक छोटी स्मरणिका छापून नातेवाइकांना व जुन्या गिऱ्हाइकांना द्यावी, असे आम्हा भावंडांचे ठरले आहे. मी नागपुरात राहते आणि छापखानाही इथलाच आहे, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. एरवी लेखनाशी माझा काही संबंध नाही.

अडचण अशी की आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी मजकूर पाठवला, त्या प्रत्येकाने बाबा कष्टाळू, मनमिळाऊ, सचोटीचे आणि कुटुंबवत्सल होते असे लिहिले आहे. ते खरेच आहे, पण नाव झाकले तर तोच मजकूर कोणाच्याही स्मरणिकेत चालून जाईल. बाबांनी कुठले पद भूषवले नाही, निवडणूक लढवली नाही, शाल-श्रीफळ घेतले नाही. पहाटे उठून दुकानाच्या फळ्या काढायच्या, रात्री जेवणाआधी त्या लावायच्या आणि माल संपत आला की नागपुरातल्या इतवारीच्या किराणा ओळीत जायचे, यातच त्यांचे आयुष्य गेले. पूर्वी ते नागभीडच्या नॅरोगेज गाडीने जात, कारण इतवारी स्टेशनावर उतरले की घाऊक बाजार पायी गाठता येत असे. ती गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, तोवर बाबांचे जाणेही थांबले होते.

दुकानाची उधारी दोन तऱ्हेची होती. कोळसा खाणीतले कामगार पगार झाला की महिन्याचे खाते चुकते करीत. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी मात्र कापूस, सोयाबीन किंवा भिवापुरी मिरची विकली गेल्यावर येत, आणि पीक बुडाले की त्यांचे खाते पुढच्या हंगामावर जाई. बाबांनी अशी किती खाती सोडून दिली, हे स्मरणिकेत ठळकपणे यावे असे माझ्या थोरल्या भावाचे म्हणणे आहे. मला ते कुठेतरी खटकते, पण का, हे नीट सांगता येत नाही. आमच्याकडे आजोबांच्या काळापासूनच्या वह्या, तागडी, वजनांचा संच आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुकानात काढलेली थोडी छायाचित्रे आहेत. एवढ्या सामग्रीतून काय घ्यावे आणि काय सोडावे, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त हिशेबनीस, महाल

ताई, इतवारीत घाऊक धान्य आणि किराण्याच्या पेढ्यांवर वह्या लिहिण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे माझे उत्तर वह्यांकडेच झुकणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्या भावाला खतावणी महत्त्वाची वाटते आहे, कारण तिच्यात गिऱ्हाइकांची खाती आहेत. माझा सल्ला असा की खतावणी बाजूला ठेवून आधी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, उघडा. छोट्या दुकानदाराची रोजकीर्द ही दुकानाची आणि घराची मिळून एकच असते. घराला लागणारा पैसा गल्ल्यातूनच निघतो आणि प्रामाणिक माणूस तो ‘घरखर्च नावे’, म्हणजे घरखर्चाच्या खात्यावर, म्हणून लिहून ठेवतो. घरात नेलेली तूरडाळ आणि तेलसुद्धा लिहिणारे दुकानदार मी पाहिले आहेत. पाटी-पेन्सिल, डॉक्टर, माहेरी आलेल्या बहिणीला लुगडे, शाळेची फी, पोळ्याला लाकडी नंदी, हे सारे तारखेनिशी तिथे सापडते. कुटुंबवत्सल हा शब्द कोणीही लिहील. आपल्याकडे त्याचा हिशेब आहे. दर महिन्याच्या घरखर्चाच्या नोंदी एका कागदावर उतरवून काढा आणि कोणत्या वर्षी कोणासाठी काय आले ते पाहा.

वह्या जुन्या असल्या की पहिली पाने गळालेली असतात आणि साल कळत नाही. तिथे काही खुणा उपयोगी पडतील. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. एखाद्या पानावर ‘न. पै.’, म्हणजे नवे पैसे, असे दिसले तर ते पान बहुधा १९५७ ते १९६४ मधले समजावे, कारण १९६४ मध्ये ‘नवा’ हे विशेषण गळाले आणि नुसता पैसा उरला. शेर आणि छटाक किलोच्या शेजारी दिसू लागले तर तो वजने बदलण्याचा काळ आहे. एप्रिल १९६२ पासून देशभर मेट्रिक वजने सक्तीची झाली. शेर म्हणजे ऐंशी तोळे, साधारण ९३३ ग्रॅम, म्हणजे किलोपेक्षा थोडा कमी. त्यामुळे शेराचा भाव तसाच किलोला लावला तर दुकानदाराचे नुकसान आणि किलोचा भाव वाढवला तर गिऱ्हाइकाची कुरकुर, अशी ती वर्षे होती. आपले बाबा तेव्हा आजोबांच्या हाताखाली असतील तर त्या पानांवर दोघांची वेगवेगळी हस्ताक्षरे सापडतील. ती पाने वेगळी काढून ठेवावीत.

आणखी एक. पूर्वी बहुतेक दुकानदारांचे वर्ष दिवाळीपासून दिवाळीपर्यंत चाले. १९८९ पासून प्राप्तिकरासाठी एप्रिल ते मार्च हेच वर्ष सर्वांना धरावे लागले. एखादी वही मध्येच मार्चअखेर बांधून टाकलेली दिसली तर पाने हरवली असे समजू नका. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढण्याची रीत मात्र त्यानंतरही चालू राहिली.

वजनांच्या पाठीवर शिशाच्या गोळीवर मारलेले शिक्के असतात. वजनमापे खात्याकडून ठरावीक मुदतीने तपासणी करून घ्यावी लागे, त्याची ती खूण. ते शिक्के सलग असतील तर आपल्या मजकुरातला ‘सचोटीचे’ हा शब्द खोडून तिथे वजनांचे छायाचित्र छापा.

वकील, सिव्हिल लाइन्स

थोडक्यात लिहितो. उधारी बुडवणाऱ्यांची नावे तर नकोतच, पण ‘अमुक गावच्या इतक्या लोकांची खाती सोडली’ असेही छापू नये. गाव लहान आहे. स्मरणिका ज्यांच्या हातात पडेल त्यांपैकी काहींचे वडील त्या खतावणीत असतील आणि कोणाविषयी लिहिले आहे हे त्यांना लगेच कळेल. कायद्याच्या बाजूने पाहिले तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा उधारीच्या वसुलीचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो, म्हणजे त्या खात्यांतले बरेचसे येणे आपोआपच मुदतबाह्य झालेले असणार. त्यातले औदार्य किती आणि निरुपाय किती, हे आज कोणी सांगू शकत नाही. बाबांनी स्वतः हयातीत ही गोष्ट चारचौघांत सांगितली नसेल, तर मुलांनी ती का सांगावी?

काटोलचा दुकानदार

मीही दुकानदाराचाच मुलगा आहे आणि आजही गल्ल्यावर बसतो. हिशेबनीस काकांनी सांगितलेले सगळे मान्य करूनही मला एक उणीव दिसते. आईने केलेले काम रोजकीर्दीत कधीच येत नाही, कारण त्याचा पैसा कोणाला दिला जात नाही. आमच्याकडे तुरीच्या डाळीचे पोते आले की दुपारी निवडायला आई बसे, तिखट-हळद कांडपावरून आणून चाळायला आई, रद्दीच्या पुड्या करायला आई आणि आम्ही मुले. बाबा मालाला गेले की गल्ल्यावरही तीच. ताई, तुमच्या आई असतील तर त्यांना आत्ताच विचारून घ्या, आणि स्मरणिकेत दुकान बाबांचे असे लिहिण्याऐवजी दोघांचे असे लिहिता येते का ते पाहा. कुटुंबावर जीव लावणाऱ्या दुकानदाराचे अर्धे श्रेय, दुकानाला जीव लावणाऱ्या कुटुंबाचे असते.

दुसरे म्हणजे हाताच्या सवयी लिहा, कारण त्या माणसाबरोबर जातात. आमचे वडील वर्तमानपत्राच्या कागदात साखर घेऊन चारही कडा अशा मोडत की पुडी उलटी धरली तरी दाणा सांडत नसे. मग छताला टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून दोन फेरे द्यायचे आणि बोटाला हिसका देऊन तोडायचा, कात्री नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्यावर ते सुटले आणि २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा मला ती पुडी बांधता येईना. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लाकडी नंदी घेऊन येणाऱ्या पोरांना ते बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, देत, आणि नंदी कितीही लहान असला तरी त्याला आधी टिळा लावत. तुमच्या बाबांचे असे काय होते, ते जुन्या गिऱ्हाइकांना विचारा. त्यांना तुमच्या बाबांचे स्वभावविशेष सांगता येणार नाहीत. मागचे सुटे पैसे परत कसे द्यायचे, बोहनी झाली नसताना उधार मागितले तर काय म्हणायचे, हे मात्र नक्की आठवेल.

एक गोष्ट जपून लिहा. दुकान वर्षभर उघडे असते याचा दुसरा अर्थ असा की दुकानदार लग्नात अक्षता टाकून लगेच परततो आणि मुलांच्या शाळेत फारसा दिसत नाही. ते लपवू नका. ते लिहिले तरच उरलेल्या वेळात त्याने काय केले याला किंमत येते.

उमरेडची लेक

सर्वांचे मनापासून आभार. या सुट्टीत उमरेडला जाऊन रोजकीर्दी काढल्या. ‘न. पै.’ लिहिलेली वही सापडली आणि तिच्यात आजोबांच्या अक्षराखाली बाबांचे शाळकरी, गोल अक्षर आहे. वजनांच्या पाठीवरचे शिक्के मोजक्या ठिकाणी झिजले आहेत, बाकी वाचता येतात.

मला नागपूरला वसतिगृहात ठेवले त्या आषाढातले पान मी मुद्दाम शोधले. ‘घरखर्च नावे, मुलीची वसतिगृह फी’ अशी नोंद आहे. त्या दिवशीचा गल्ला फीच्या निम्माही नाही. खाली इतवारीच्या व्यापाऱ्याला द्यायची रक्कम लिहून ती आडव्या रेघेने खोडली आहे आणि समोर ‘पुढील खेपेस’ असे लिहिले आहे. पुढच्या खेपेची नोंद पाहिली तर त्या दिवशी माल नेहमीपेक्षा कमी आणला होता, खोबरे आणि वेलची तर मुळीच नाही. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘श्रावणात खोबरं नाही म्हणून गिऱ्हाईक परत जायचं, हे मला आठवते, त्याचे कारण मात्र ठाऊक नव्हते.’

भावाला हे पान दाखवले. सोडलेल्या खात्यांचा मजकूर काढायला तो तयार झाला, पण त्या जागी हे पान छापावे असा त्याचा आग्रह आहे. व्यापाऱ्याचे नाव त्यावर असल्यामुळे मी अजून होकार दिलेला नाही.

निवृत्त हिशेबनीस, महाल

पान जरूर छापा. व्यापाऱ्याचे नाव आणि त्याच पानावरची गिऱ्हाइकांची नावे मूळ वहीवर काहीही न चिकटवता, छायाप्रतीवर पांढरी पट्टी लावून झाका. मूळ वहीला गोंद लागला तर कागद पुढे तडकतो. रकमा मात्र झाकू नका. इतवारीत शब्द पाळणाऱ्या दुकानदारालाच ‘पुढील खेपेस’ म्हणता येत असे, आणि ती रक्कम त्यांनी केव्हा फेडली ती ओळही शोधून शेजारी द्या. ती पुढच्या दोन-तीन खेपांत सापडायला हवी. शाई फिकी झाली असेल तर पान उन्हात न धरता खिडकीजवळच्या उजेडात तिरपे धरून छायाचित्र घ्या आणि छापखान्याला ते रंगीत छापायला सांगा. काळ्या-पांढऱ्यात खोडलेली रेघ आणि ओळ आखणारी रेघ सारखीच दिसते.