मदत हवी आहे: जाड भिंतीच्या पोटातलं बेनाइट लहान तुकड्यात कसं आणू?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत मेटलर्जीत एम.टेक. करतोय. प्रोजेक्टला अणुभट्टीच्या प्रेशर व्हेसलचं (आतला दाब सोसणाऱ्या जाड टाकीचं) पोलाद आहे, एसए ५०८ ग्रेड ३. कार्बन ०.२५ टक्क्यांच्या आत, मँगनीज १.२ ते १.५, मॉलिब्डेनम अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि थोडं निकेल. कुपवाड एमआयडीसीतल्या एका काकांनी त्यांची भट्टी रात्री वापरायला दिली आहे, त्यामुळे तापवायची सोय आहे. घोडं अडलंय ते गार करण्यावर.

माझे तुकडे २५ मिलिमीटर जाडीचे. ८८० अंशांवरून पाण्यात टाकले की मार्टेन्साइट (झटकन गार झाल्यावर बनणारी फार कडक रचना) मिळतं. खऱ्या व्हेसलची भिंत मात्र २०० मिलिमीटर किंवा त्याहून जाड असते. ती पाण्यात बुडवली तरी पोटातली उष्णता सावकाश बाहेर पडते आणि तिथं अप्पर बेनाइट (त्याहून सावकाश गार होताना बनणारी, सुयांसारखी दिसणारी रचना) बनतं. मला तेच तपासायचंय. भट्टी बंद करून आतच गार होऊ दिलं, तर फेराइट (फार सावकाश गार झाल्यावर बनणारी मऊ रचना) निघतं. मधला मार्ग कोणता?

दुसरं म्हणजे, नायटलने (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या द्रावाने) एचिंग केल्यावर, म्हणजे रचना दिसावी म्हणून पृष्ठभाग किंचित खाऊ दिल्यावर, बेनाइटच्या सुयांच्या मधे पांढरे ठिपके दिसतात. ते नेमके काय असावेत?

भट्टीकर: पाणी सोड आणि तुकडा साध्या हवेत ठेव, पंखा न लावता. एवढ्या जाडीचा तुकडा ६०० ते ४०० अंशांत मिनिटाला काही दहा अंश उतरतो, आणि जाड फोर्जिंगच्या (ठोकून घडवलेल्या भागाच्या) पोटातला वेगही त्याच पट्ट्यात येतो. पण अंदाजावर जाऊ नकोस. तुकड्याच्या मध्यापर्यंत भोक पाडून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घाल आणि उतरता आलेख काढ. वेग जास्त वाटला तर भोवती सिरॅमिक वूल गुंडाळ, थर कमीजास्त करून वेग जुळवता येतो. नंतर ६५० अंशांचं टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं) तर करच, शिवाय वेल्डिंगनंतरचा ६१० अंशांच्या आसपासचा स्ट्रेस रिलीफही (आतला ताण घालवायला तापवणं) दे. खऱ्या व्हेसलला तो मिळतोच. तो टाळून घेतलेले शार्पीचे (घाव घालून चिवटपणा मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे व्हेसलला लागू पडणार नाहीत.

मिरजेची मेटलर्जिस्ट: ते ठिपके बहुधा मार्टेन्साइट आणि शिल्लक ऑस्टेनाइटची (पोलाद तापलेलं असतानाच्या रचनेची) बेटं आहेत. लेपेरा एचंट (रचनांना वेगवेगळा रंग देणारा एचिंगचा द्राव) लावून पाहा, ती पांढरी उठून दिसतील. टेम्परिंगमध्ये ती फुटून कार्बाइडचे (कार्बन आणि धातूच्या संयुगाचे) जाड पुंजके होतात आणि थंडीतली ठिसूळ चीर अनेकदा तिथूनच सुटते. म्हणून टेम्परिंगच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो घे. ऑस्टेनाइटच्या जुन्या कणसीमा हव्या असतील तर नायटलवर अवलंबून राहू नकोस, सॅच्युरेटेड पिक्रिक ॲसिडमध्ये थोडा वेटिंग एजंट (साबणासारखं द्रव्य) घालून लाव. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव: पिक्रिक कोरडं पडलं की स्फोटक असतं. बाटलीच्या झाकणाच्या आट्यांत वाळलेले पिवळे कण दिसले, तर झाकण फिरवायचं नाही. थेट लॅबच्या सरांना बोलवायचं.

धागाकर्ता: दोघांचेही मनापासून आभार. काकांकडे के टाइप थर्मोकपल आहे, भोक ३ मिलिमीटरचं पाडलं तर चालेल ना?

भट्टीकर: चालेल. तोंड फायबर वूलने घट्ट बंद कर, नाहीतर हवा आत शिरून वाचन चुकतं.