जुना एम५० की नवा आर५०? पहिला कॅमेरा घेतोय, नाशिककरांनो सल्ला द्या

सातपूरकर

नमस्कार मंडळी, आतापर्यंत सगळं मोबाईलवर काढलंय, आता नीट कॅमेरा घ्यायचाय म्हणून जरा सविस्तरच विचारतो. बजेट ताणून ताणून ७० हजार, त्यात कार्ड, बॅग, लेन्स सगळं आलं.

दोन पर्याय समोर आहेत. एक कॅनन एम५०, सेकंड हँड, इंदिरानगरला ओळखीतल्या एका मुलाकडे आहे, सोबत १५-४५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती साधी), २२ मिमी एफ २ ची (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) छोटी चपटी लेन्स आणि दोन बॅटऱ्या, सगळं मिळून ३५ हजार म्हणतोय. दुसरा कॅननचाच नवा कोरा आर५०, १८-४५ लेन्ससकट. तो घेतला की हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

वापर असा की सुट्टीच्या दिवशी नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, पावसाळ्यात अंजनेरी नाहीतर हरिहर, अधूनमधून संध्याकाळी गोदाघाट. शिवाय बायको घरून येवल्याच्या पैठण्या विकते, तिला साडीचे फोटो आणि रील्स लागतात आणि खरं सांगायचं तर घरात कॅमेऱ्याचा विषय त्यामुळेच पास झालाय. २०२७ चा सिंहस्थ पण डोक्यात आहे, तोपर्यंत हात बसला पाहिजे.

कागदावर बघितलं तर दोन्ही २४ मेगापिक्सेल, दोन्हीत ४के, दोन्हीचा स्क्रीन बाहेर येऊन फिरतो, दोन्हीला माईकचं भोक आहे. मग दुप्पट पैसे नक्की कशाचे?

पंचवटीकर_ताई

मी एम५० बरीच वर्षं वापरतेय, घाटावर, काळारामाच्या उत्सवात, घरच्या कार्यक्रमात सगळीकडे, त्यामुळे आधी त्याचं सांगते.

फोटोपुरतं बोलायचं तर चांगल्या उजेडात दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशातला हे तुम्हाला ओळखता येणार नाही. एम५० २०१८ चा, आर५० २०२३ चा, पण सेन्सर दोघांचा एकाच मापाचा, एपीएस-सी, आणि मेगापिक्सेल जवळपास तेवढेच, रात्रीच्या फोटोत नव्याचा प्रोसेसर थोडा उजवा पडतो इतकंच. उलट तुम्हाला जी २२ मिमी मिळतेय ना ती सोन्यासारखी लेन्स आहे. रामकुंडावर दिवेलागणीनंतर किट लेन्स त्याच २२ मिमीला एफ ४-४.५ च्या आसपास अडकते आणि ही एफ २ ला उघडते, म्हणजे चार-पाच पट उजेड आत येतो. आरती चालू असताना हा फरक बॉडीच्या (म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याच्या) कुठल्याही फरकापेक्षा मोठा आहे, हे मी घाटावर उभं राहून पुन्हा पुन्हा बघितलंय.

आता व्हिडिओ. "दोन्हीत ४के" हे वाचून फसू नका. एम५० चा ४के सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतो, चित्र अजून दीडपट कापलं जातं, १५ मिमी लावूनसुद्धा वाईड मिळत नाही, खोलीत अख्खी साडी फ्रेममध्ये घ्यायला तुम्ही पाठीमागच्या भिंतीला टेकाल. वर ४के लावलं की त्याचा चांगला ड्युअल पिक्सेल फोकस (कॅननचा झटपट ऑटोफोकस) बंद पडतो, जुन्या पद्धतीने पुढे मागे हुडकत बसतो. आर५० मध्ये पूर्ण रुंदीचा ४के आहे, ६के मधून बारीक करून काढलेला, फोकस पूर्ण चालतो, ३० फ्रेमपर्यंत. स्लो मोशन एम५० मध्ये १२० फ्रेम फक्त ७२० ला आहे, आर५० मध्ये फुल एचडीला.

पण रील शेवटी मोबाईलवरच बघतात आणि त्याला फुल एचडी पुरतं. फुल एचडीत एम५० चा फोकस आजही छान आहे. म्हणून माझं मत, एम५० घ्या आणि उरलेल्या पैशात चांगला ट्रायपॉड आणि दोन मऊ लाईट घ्या. पैठणीच्या जरीला लाईटच लागतो हो, ट्यूबलाईटखाली जांभळा निळा दिसतो आणि गिऱ्हाईक साडी परत पाठवतं. लाईट कुठलाही असो, पांढरा कागद धरून व्हाईट बॅलन्स (रंग खरे दिसायची सेटिंग) हाताने सेट करायला वहिनींना पहिल्याच दिवशी शिकवा.

चापडगावची_वाट

ताईंचं घाटाबद्दलचं सगळं पटतं पण नांदूरला जायचं म्हणताय तर मी थोडं वेगळं बोलतो.

पाण्यापलीकडे बसलेल्या चक्रवाकाला ४५ मिमी मध्ये काही होत नाही, ठिपका दिसतो. दोन्ही किट लेन्स तिथे निरुपयोगी, मग बॉडी कुठलीही असो. तिथल्या पक्षी बघायच्या टॉवरवर लोक नवे कॅमेरे घेऊन येतात आणि किट लेन्सने बदकांचे फोटो काढून नाराज होऊन जातात, बघवत नाही. कमीत कमी २५० मिमी पाहिजे, या सेन्सरवर ते ४०० सारखं दिसतं. जवळचे शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या, तारेवरचा खंड्या एवढं आरामात निघेल. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) आपल्या दारात आहे, तिथे जाऊन नुसता निसर्गदेखावा काढून परत कशाला यायचं.

पण उडत्या पक्ष्यांचा नाद लागला (आणि लागतोच) तर दोन कॅमेऱ्यांत जमीन अस्मानाचा फरक आहे. आर५० पक्षी ओळखतो, माणूस, कुत्रं, मांजर, गाड्या पण ओळखतो, फोकसचा चौकोन पक्ष्याला चिकटून फिरतो. एम५० ला माणसाचा चेहरा कळतो, बगळा कळत नाही, मधला पॉईंट पक्ष्यावर धरून तुम्हालाच फिरावं लागतं. जमतं, आम्ही डीएसएलआरवर तेच करायचो, पण दहातले सहा सात वाया. वेग पण बघा, एम५० फोकस धरत सेकंदाला ७ च्या आसपास काढतो, आर५० १२. फक्त आर५० चा बफर (फोटो कार्डवर जायच्या आधी साठतात ती जागा) अगदी लहान आहे, रॉ (प्रक्रिया न केलेली मोठी फाईल) ठेवलं तर सेकंद पुरा व्हायच्या आत भरतो आणि कॅमेरा मंदावतो, उडत्या पक्ष्यांना जेपेगवर (लहान, नेहमीची फोटो फाईल) ठेवायचा. आणि १५ फ्रेमचा इलेक्ट्रॉनिक शटर आहे तो पंखांना लावू नका, पंख वाकडे येतात.

आडोसा दोघांनाही लागेल. हरिहरच्या पावसात किंवा रंगपंचमीच्या रहाडीजवळ (रंगाच्या हौदाजवळ) यातला एकही उघडा काढायचा नाही, दोन्हीला पाण्यापासून संरक्षण नाही.

सिडको_फोटोवाला

लग्नाची कामं करतो, दोन्ही हाताळलेत. ताईंचा सल्ला आजच्या पुरता बरोबर आहे पण एक मोठी गोष्ट राहिली, ती म्हणजे माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला बसते ती जागा.

एम५० चा माउंट ईएफ-एम. ती लाईन कॅननने बंद केली, नवीन बॉडी नाही, नवीन लेन्स नाही. आणि त्याच्या लेन्स आर५० च्या आरएफ माउंटवर लागत नाहीत, अडॅप्टर पण निघणार नाही, कारण ईएफ-एम मध्ये लेन्सपासून सेन्सरचं अंतर १८ मिमी आणि आरएफ मध्ये २०, मध्ये अडॅप्टर बसवायला जागाच नाही. म्हणजे ती २२ मिमी कितीही गोड असली तरी ती त्या बॉडीबरोबरच राहणार. आर५० ला पूर्वी लोक नावं ठेवायचे की लेन्स नाहीत, ते पण आता राहिलं नाही, २०२४ पासून सिग्मा आणि टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्स आरएफ मध्ये यायला लागल्या, सिग्माची १८-५० एफ २.८ तर पैठणीला पण चालेल आणि घाटावर पण.

पण म्हणून लगेच आर५० घ्या असं मी म्हणणार नाही. भाऊ, तुम्ही आधी बॉडी ठरवताय आणि उरलेल्यात लेन्स बघताय, ते उलटं करा. तुमचं काम तीन लेन्सचं आहे, घाटाला उजेडाची, नांदूरला लांबची, साडीला साधी. आर५० घेतला तर आज हातात फक्त साधी येते, दोन कामं वर्षभर अडून बसतील. एम५० घेतला तर उजेडाची आणि साधी दोन्ही आल्या आणि लांबचीला पैसे पण शिल्लक.

फक्त ती लांबची ईएफ-एम मध्ये घेऊ नका. जुन्या डीएसएलआरची ईएफ-एस ५५-२५० एसटीएम घ्या, सेकंड हँडमध्ये पुष्कळ मिळते, आणि ईएफ ते एम अडॅप्टर लावा. उद्या आर५० किंवा त्याच्या पुढचा कुठला घेतला की तीच लेन्स ईएफ ते आरएफ अडॅप्टरवर जशीच्या तशी चालते, फोकस, स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणं) सगळं. म्हणजे जुन्या बॉडीत पैसा कमी अडकला आणि लेन्समधला पैसा पुढे आला. ईएफ-एम च्या नव्या लेन्सवर मात्र एक रुपया घालू नका, सिग्मा, विल्ट्रॉक्स अशा दुसऱ्या कंपन्यांच्या कितीही स्वस्त दिसू देत.

व्हिडिओ हेच मुख्य पोटापाण्याचं काम असेल तर माझं उत्तर बदलतं. आर५० मध्ये वस्तू समोर धरली की फोकस चेहऱ्यावरून वस्तूवर जातो असा खास मोड आहे, पदर कॅमेऱ्याजवळ आणून दाखवायला फार उपयोगी. एम५० एका वेळी ३० मिनिटांच्या आत बंद होतो, आर५० तासभर जातो. वहिनी रोज लाईव्ह किंवा लांब व्हिडिओ करणार असतील तर सरळ आर५०.

सातपूरकर

मंडळी खूप आभार, एवढं कोणी दुकानात पण सांगितलं नाही, एम जी रोडला एका ठिकाणी तर विचारायच्या आधीच बिल फाडायला घेतलं होतं.

व्हिडिओ आठवड्यातून एखाददुसरा, तो पण मिनिटभराचाच, लाईव्ह वगैरे बायकोला आवडत नाही. अजून दोन प्रश्न आहेत. मामाकडे जुना कॅनन डीएसएलआर पडून आहे, बॉडी बंद पण त्याची ५५-२५० आणि एक कॅननचा फ्लॅश चालू आहे, ते दोन्ही द्यायला तयार आहेत. ते चालेल का? आणि सेकंड हँड बॉडी बघायला गेल्यावर नक्की काय काय तपासू?

सिडको_फोटोवाला

अहो हे आधी सांगायचं ना, मग तर प्रश्नच मिटला. लेन्स वर सांगितलं तशी दोन्हीकडे चालेल. फ्लॅश मात्र एम५० वर सरळ सरकवला की चालू. आर५० चा शू (वरची फ्लॅश बसवायची खाच) नव्या पद्धतीचा आहे, मधला जुना कॉन्टॅक्टच नाही, जुना फ्लॅश लावायला एडी-ई१ नावाचा वेगळा अडॅप्टर विकत घ्यावा लागतो. लांबचा फ्लॅश उडवणारे साधे ट्रिगर पण त्याशिवाय चालत नाहीत. पुढे कधी आर५० घेतलात तर हा खर्च धरून चाला.

तपासायचं असं. मामाची लेन्स आधी, ती पडून होती म्हणताय तर टॉर्च मारून आत बुरशीचे धागे दिसतात का बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला हमखास धरते, धरली असेल तर ती बॅगेत बाकीच्या लेन्ससोबत ठेवू नका. बॉडीला एफ १६ लावून आकाशाचा नाहीतर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा, डाग ब्लोअरने गेले तर धूळ, नाही गेले तर किंमत कमी करा किंवा सोडा. स्क्रीन पूर्ण उघडून सगळीकडे फिरवा, चित्र लुकलुकलं तर आतली वायरची पट्टी गेलेली आहे. माईक लावून आवाज रेकॉर्ड होतो का बघा, फ्लॅश सोबत घेऊन जा आणि शूवर लावून बघा. बिल आणि खोक्यावरचा नंबर बॉडीच्या नंबराशी जुळला पाहिजे. आणि बॉडीवर किस असं नाव असेल तर तो जपानी बाजारातला पीस, कॅमेरा तोच आहे पण किंमत खाली मागा.

पंचवटीकर_ताई

बॅटऱ्यांचं मी सांगते. एम५० ची बॅटरी लहान आहे, कंपनीच्या हिशोबाने एका चार्जमध्ये २३५ फोटो, नांदूरला सकाळी पक्षी मिळाले की दहा वाजेपर्यंत संपते. दोन मिळतायत पण त्यातली एक फुगलेली नाही ना हे बोट फिरवून बघा, फुगलेली आत अडकून बसते. आणि एम५० यूएसबीवरून चार्ज होत नाही, आर५० होतो, म्हणून ट्रेकला पॉवर बँक असूनही उपयोग नाही, चार्जर आणि भरलेल्या बॅटऱ्याच न्यायच्या. मुलाकडून चार्जर मूळचाच मागून घ्या, लोक तो द्यायचा विसरतात.

चापडगावची_वाट

मामाची लेन्स स्वच्छ निघाली तर अडॅप्टर टाकून सकाळी लवकर नांदूरजवळच्या चापडगावला या, पहिला तास उजेड आपल्या पाठीमागून पडेल अशी जागा धरायची. ती लेन्स २५० ला एफ ५.६ च आहे, ऊन वर यायच्या आधी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत न्यायला कचरू नका आणि शटरचा वेग हजाराच्या (१/१००० सेकंदाच्या) खाली येऊ देऊ नका. बसलेल्या पक्ष्याला ५०० पण चालेल.