व्हेंटिलेटर, सरफॅक्टंट आणि डॉ. एव्हरी

सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेली बाळे आज वाचतात ती व्हेंटिलेटरमुळे, हे मत मला अर्धेच खरे वाटते. यंत्र हवा आत ढकलते. पण श्वास सोडताना फुप्फुसातले वायुकोश (हवेच्या सूक्ष्म पिशव्या) मिटूनच जात असतील, तर ते दर वेळी नव्याने उघडण्यात बाळाची शक्ती संपते. त्यांना उघडे ठेवणारे सरफॅक्टंट हे फुप्फुसात तयार होणारे द्रव्य या बाळांत पुरेसे नसते, हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ मेरी एलन एव्हरी यांनी सहकारी जेरे मीड यांच्यासह १९५९ साली बॉस्टनमध्ये दाखवून दिले. दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांत एरवी दिसणारा फेस नाही, या साध्या निरीक्षणाचा त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला (आणि माझ्या मते खरे संशोधन तेच). सरफॅक्टंट औषध म्हणून यायला मात्र वेळ लागला. जपानमधील डॉ. फुजिवारा यांचे बाळांवरील पहिले यशस्वी निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले.

आज पुण्यातल्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) फ्रिजमधली कुपी तळहातात धरून कोमट केली जाते आणि ते दुधाळ औषध नळीवाटे थेट श्वासनलिकेत सोडले जाते. ते महाग आहे. त्यामानाने अकाली प्रसूतीची चिन्हे दिसताच बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व व्हावीत म्हणून आईला द्यायची स्टिरॉइडची इंजेक्शने, ज्यांचा उपयोग न्यूझीलंडमधील डॉक्टर लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली सिद्ध केला, अगदी स्वस्त पडतात; म्हणून मुळशी-वेल्ह्यासारख्या दूरच्या भागातून आईला पुण्याच्या ससून रुग्णालयात पाठवण्यापूर्वीच पहिला डोस देणे अधिक हिताचे ठरते.