मदत हवी आहे: सासऱ्यांना अपुरी मालिका वाचायला द्यावी का?

दांडियाबाजारची सून

नमस्कार मंडळी. प्रश्न पुस्तकाचा आहे, पण घरातला आहे, त्यामुळे जरा पाल्हाळ होईल.

माझा भाचा गेल्या महिन्यात कॅनडाला गेला. (बडोद्यात आता दर दोन घरांआड कुणीतरी जातंच.) जाताना त्याने सामान वाटून टाकलं. शेगडी शेजारच्या बेनना, सायकल वॉचमनला, आणि आमच्याकडे आला जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चा खोका. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही टीव्हीवरची मालिका ज्यावरून निघाली, तीच ही पुस्तकं. खोक्यात सात जाडजूड पुस्तकं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, ती बोटाने मोजली आणि म्हणाले, "सात ना? म्हणजे पूर्ण आहे. रामायणाचीही सात कांडंच."

पूर्ण नाही, हे मला माहीत आहे. तिसरं आणि पाचवं पुस्तक इतकं जाड आहे की या आवृत्तीत त्यांचे दोन-दोन भाग करून बांधलेत. म्हणून दिसायला सात, खरी पाचच. मालिका ठरलीय सातांची. पाचवं आलं २०११ साली, सहाव्याची लोक अजून वाट बघतायत.

आता बाबांचं सांगते. ते कोणतंही पुस्तक मागून उघडतात. शेवटच्या पानावर 'समाप्त' दिसलं की मग चष्मा पुसून पहिल्या पानावर येतात. ही सवय गुजराती कादंबरीकार कन्हैयालाल मुन्शींमुळे लागली. मुन्शी इथल्या बडोदा कॉलेजात शिकलेले, म्हणून बाबांना ते जरा जास्तच आपले. 'कृष्णावतार'चे खंड येत गेले तसे बाबा वाचत गेले. १९७१ च्या फेब्रुवारीत मुन्शी गेले आणि आठवा, कुरुक्षेत्राचा खंड अपुरा राहिला. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन त्यांनी पुढे कितीतरी दिवस "आगळनो भाग आव्यो?" (पुढचा भाग आला का?) असं विचारलं होतं म्हणे. मी एकदा म्हटलं, बाबा, महाभारताचं पुढे काय झालं ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणाले, "महाभारतातला कृष्ण काय करतो ते ठाऊक आहे. मुन्शींचा काय करणार होता ते कुणाला ठाऊक आहे?"

तेव्हापासून घरात नियमच आहे, पूर्ण झालेलंच आणायचं. २०१० साली नेमाड्यांची 'हिंदू' आली, चार भागांतला पहिला म्हणून. बाबांनी हौसेने घेतली, खाकी कव्हर घातलं आणि "बाकीचे तीन येऊ देत" म्हणून कपाटात ठेवली. ती तिथेच आहे.

दिवाळीनंतर दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आता बारीक टाइप दिसतो, म्हणून सध्या भलताच हुरूप आहे. बाबांचा जन्म १९४८ चा. सहज बघितलं तर मार्टिनचाही १९४८ चाच निघाला. आधी मी हसले, मग गप्प बसले.

तर द्यावी का ही मालिका? आणि द्यायची तर आधी सांगून की न सांगता?

लहरीपुरा

देऊ नका. मी तोंड पोळलेला माणूस आहे.

पहिली तीन पुस्तकं १९९६, १९९८, २००० अशी आली. कुणालाही वाटेल, दर दोन वर्षांनी एक. मग चौथ्याला पाच वर्षं लागली, पाचव्याला सहा. लेखकाने आधी ठरवलं होतं की मध्ये पाच वर्षं गेली असं दाखवायचं, म्हणजे गोष्टीतली पोरं मोठी होतील. ते जमेना म्हणून सोडून दिलं. चौथं एवढं फुगलं की अर्धी पात्रं काढून पाचव्यात टाकली. चौथ्याच्या शेवटी त्याने स्वतः टीप दिलीय, उरलेली मंडळी पुढच्या वर्षी भेटतील अशी आशा आहे. मी २००५ साली त्या 'पुढच्या वर्षी'वर विश्वास ठेवला.

आळशी म्हणणार नाही मी त्याला. तो स्वतःला माळी म्हणवतो, नकाशा काढून घर बांधणारा नव्हे. बी पेरायचं आणि काय उगवतं ते बघायचं. बाग मात्र आता अशी माजलीय की वाट सापडत नाही.

सुरसागरकाठी

एवढं काही नाही. पहिली तीन वाचून थांबायचं. तिसऱ्याच्या शेवटी बरेच हिशेब चुकते होतात, माणूस श्वास घेऊ शकतो. तुमच्या खोक्यात ती चार दिसतील, तेवढं लक्षात ठेवा.

नाहीतर त्याच जगातलं 'अ नाइट ऑफ द सेव्हन किंग्डम्स' आणा. २०१५ चं एकच पुस्तक, तीन दीर्घकथा. एक उंचाडा सरदार आणि त्याच्या चाकरीला एक टकलं पोरगं. गोष्टी त्याला अजून पुढे लिहायच्यात म्हणे, पण या तिन्ही आपापल्या जागी संपतात. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तेच बरं.

चक्रधारी

रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'चं उदाहरण बघा. तो २००७ मध्ये गेला, शेवट राहिलेला. त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने आणखी तीन पुस्तकं लिहून २०१३ ला चौदाव्यावर मालिका संपवली. हात बदललेला कळतो, पण संपली. बाबांना पूर्णच हवं असेल तर ती द्या. फक्त चौदा आहेत, कपाट रिकामं करावं लागेल.

निवृत्त संस्कृत

ताई, आपण या सगळ्या प्रकाराला 'कादंबरी' म्हणतो, तो शब्दच एका अपुऱ्या पुस्तकाचा आहे. बाणभट्ट सातव्या शतकातला, हर्षाच्या पदरी होता. गोष्ट अर्ध्यावर सोडून गेला. उत्तरार्ध त्याच्या मुलाने लिहिला आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की हे कवित्वाच्या गर्वापोटी नाही, गोष्ट अपुरी राहिल्याचं सज्जनांना दुःख होतंय, ते पाहून घेतलंय. म्हणजे तेव्हाही लोक येता-जाता पोराला विचारत असणार, पुढे काय रे?

मी पस्तीस वर्षं शिकवलं, नेहमी पूर्वार्धच. तो अपुरा आहे अशी तक्रार एकाही विद्यार्थ्याने केली नाही. समास असे पानभर लांब की वाक्य संपलं यातच मुलांना समाधान.

लहरीपुरा

सर, तुमच्या विद्यार्थ्यांना परीक्षा होती. ताईंच्या सासऱ्यांना नाही.

फाफडा_विथ_चहा

टीव्हीवर शेवट दाखवून झालाय की २०१९ ला. तोच सांगून टाका त्यांना.

दांडियाबाजारची सून

तेच तर. २०१६ पासून टीव्हीवाले पुस्तकांच्या पुढे निघून गेले, तो शेवट त्यांनी दाखवलेला. बाबा म्हणतील, हा टीव्हीचा झाला, पुस्तकाचा कुठाय? मुन्शींच्या वेळचंच पुन्हा.

आणि अजून एक, जरा अवघड. भाचा सांगत होता त्यात मारामारी आणि इतरही बरंच काही आहे. सुनेने सासऱ्यांच्या हातात असलं पुस्तक द्यायचं म्हणजे…

सुरसागरकाठी

महाभारत कोळून प्यायलेला माणूस आहे तो. त्याची काळजी तुम्ही करू नका.

एक_ओळ

बाबांना विचारलंत का? की आपण सगळे परस्परच ठरवतोय?

दांडियाबाजारची सून

नाही विचारलं. "सात आहेत, पूर्ण आहे" म्हणताना त्यांचा चेहरा बघितला होता ना, म्हणून.

दांडियाबाजारची सून (रविवारी)

विचारायची वेळच आली नाही. काल दुपारी चहा घेऊन गेले तर बाबा खोक्यातलं सातवं पुस्तक मागून उघडून बसलेले. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की ते आधी तेच करणार. शेवटी पानंच्या पानं नावांच्या याद्या आहेत, कुठल्या घराण्यात कोण, कोण मेलं, कोण कुणाच्या पदरी. बोटाने एकेक नाव बघत म्हणाले, "अगं, इथे समाप्त नाही. ही तर वंशावळ आहे. आणि यातले निम्मे अजून जिवंत आहेत."

मग सगळं सांगितलं, सात का दिसतात तेही.

"किती राहिलेत?"

"दोन."

"लेखक?"

"आहे. तुमच्याच सालचा."

"कुठल्या महिन्यातला?"

मोबाईलवर बघून म्हटलं, सप्टेंबर.

"मी मार्चचा. म्हणजे माझ्याहून लहान आहे. लिहील."

एवढं बोलून पहिलं पुस्तक मागितलं. मी चहाचा कप पुढे केला तर म्हणाले, तो तिथे ठेव.

आज सकाळपर्यंत ऐंशी पानं झालीत. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला घराणी लिहून काढतायत, मराठीत. उत्तरेकडचे स्टार्क म्हणजे पांडव हे त्यांनी पन्नासाव्या पानावर स्वतःच ठरवलं. मी काही बोलले नाही. लहरीपुरा, तुम्हीही कृपा करून बोलू नका.

सुरसागरकाठी, ते छोटं पुस्तक मागवलंय, पण आता ते याच्यानंतर.

आता नवा प्रश्न. पुस्तक छातीवर ठेवून वाचलं तर जड होतं, हातात धरलं तर मनगट भरून येतं. पोथी ठेवायची घडीची लाकडी घोडी घरात आहे, पण तिच्यावर हे पुस्तक उघडं राहत नाही, हात काढला की मिटतं. कुणाकडे काही उपाय?

एक_ओळ

कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. एक डावीकडे, एक उजवीकडे.