कासच्या फोटोंचा स्लाइड शो: लोक झोपतात, अक्षरं तुटतात, मदत हवी आहे

रानजाई

नमस्कार मंडळी, प्रश्न छोटाच आहे पण रामायण मोठं आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही चौघी मैत्रिणी, दोघी बँकेतून रिटायर, एक शिक्षिका आणि चौथी अजून नोकरीत, त्यामुळे सगळं शनिवार-रविवारवर. गेली सहा वर्षं ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर असं कास, कधी चाळकेवाडी, ठोसेघर, एकदा आंबोली. कॅमेरा फक्त माझ्याकडे, २४ मेगापिक्सेलचा, मॅक्रो लेन्स भाच्याची वापरून झालेली. बाकी तिघी मोबाइलवर काढतात आणि खरं सांगायचं तर त्यांचे कधीकधी माझ्यापेक्षा चांगले येतात, पण हे त्यांना कळायला नको.

तर गेल्या कोजागिरीला आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक संघात मी मोठ्या हौसेने स्लाइड शो लावला. २४० फोटो, प्रत्येकी ७ सेकंद, मागे जुनी हिंदी गाणी, एक सलग व्हिडिओ करून पेनड्राइव्हवर. म्हणजे २८ मिनिटं झाली, हा हिशोब मी आधी केलाच नव्हता. दहाव्या मिनिटाला पहिलं घोरणं ऐकू आलं. पंधराव्याला मागून "दूध आटलं का बघा हो". मोबाइलवर काढलेले उभे फोटो मधोमध पट्टीसारखे, आणि फुलांची नावं लिहिली होती त्यात "सीतेची आसवं" च्या जागी काहीतरी भलतंच, वेलांट्या एकीकडे अक्षर दुसरीकडे, जोडाक्षरं सगळी तुटलेली. माझ्या लॅपटॉपवर टाइप करताना नीट दिसत होतं हो, व्हिडिओ बनल्यावर झालं.

एक मात्र झालं. मध्येच कुर्डूचा फोटो आला. तो काही पठारावरचा खास नव्हे, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली तेव्हा गुलाबी तुरे उन्हात बरे दिसले म्हणून काढलेला. पण अख्खा हॉल जागा झाला! "अगं ही तर कुर्डू", एक आजी कोवळ्या पानांची भाजी कशी करायची ते सांगायला लागल्या, दुसऱ्या म्हणाल्या पीठ पेरल्याशिवाय ती भाजीच नव्हे, त्यावरून जुंपली, आणि तेवढ्यात माझी पठारावरची खास फुलं, वायतुरा, दवबिंदू, आमऱ्या, सगळं पडद्यावरून निघून गेलं, कोणी वर बघितलंसुद्धा नाही. त्या दवबिंदूसाठी मी चिखलात पालथी पडले होते.

यंदा पुन्हा बोलावलंय (का ते त्यांनाच माहीत). किती फोटो ठेवू, मराठी अक्षरं तुटू नयेत म्हणून काय करू, उभ्या फोटोंचं काय, गाणी चालतील का, कारण हाच व्हिडिओ लेकीला बघता यावा म्हणून नेटवर टाकला तर कॉपीराइटचा क्लेम आला आणि मधला भाग मुका झाला. आणि ग्रुपवर पाठवला तर फुलांचा नुसता चिखल दिसतो. सॉफ्टवेअर फुकटातलं सुचवा, लॅपटॉप म्हातारा आहे, माझ्यासारखाच.

पाणकावळा

ताई, हसलो बराच, माफ करा. एकेक घेतो.

अक्षरं तुटतात कारण बऱ्याच व्हिडिओ एडिटरांना देवनागरीची जुळणी धड जमत नाही, अक्षर एकामागे एक मांडत जातात, आणि पहिली वेलांटी टाइप होते अक्षरानंतर पण दिसायला हवी आधी, तिथेच गाडं अडतं. प्रीमियर वापरत असाल तर सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन म्हणून दक्षिण आशियाई निवडायची सोय आहे, ते केलं की बसतं. बाकी ठिकाणी सोपी पळवाट म्हणजे नाव फोटोवरच लिहून टाकायचं, म्हणजे प्रेझेंटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो घ्या, वर नाव टाइप करा, अख्खी स्लाइड चित्र म्हणून सेव्ह करा. मग तोडायला अक्षर उरतच नाही. फॉन्ट युनिकोडच हवा, मुक्ता घ्या, फुकट आहे आणि लांबून वाचता येतो. नाजूक बारीक फॉन्ट नको, आजोबांना दिसणार नाही.

उभे फोटो: पडदा १६:९ चा, तुमचा कॅमेरा ३:२, मोबाइल बहुतेक ४:३. १०८० पिक्सेल उंचीत बसवला तर तुमचा आडवा फोटो १६२० रुंद होतो, कडेला थोडी काळी पट्टी राहते, ते चालतं. उभा मात्र ७२० च रुंद, मोबाइलचा ८१०, म्हणजे पडद्याच्या निम्म्याहूनही कमी. एकाच फुलाचे दोन उभे शेजारी शेजारी ठेवा, एक लांबून एक जवळून. ती मागे धुरकट करून तोच फोटो पसरवायची फॅशन आहे ना, कृपा करून ती नको, डोळे गरगरतात.

आणि ६००० बाय ४००० च्या फाइली तशाच घालू नका, लॅपटॉप तिथेच म्हातारा होतो. १९२० ला लहान करून घ्या. मैत्रिणींना सांगा फोटो ग्रुपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मगच मूळ फाइल येते. व्हिडिओचंही तेच. सॉफ्टवेअर म्हणाल तर शॉटकट किंवा ओपनशॉट बघा, दोन्ही फुकट. दा विंची रिझॉल्व्ह पण फुकट आहे पण तुमच्या मशीनला झेपायचं नाही.

सुपारी_खांड

आधी दूध द्या, मग शो. झोपले तरी समाधानाने झोपतील. दिवे घ्या हो, गंमत करतोय.

जुना_रोल

मी ट्रान्सपरन्सीच्या, म्हणजे स्लाइड फिल्मच्या काळातला माणूस. एका रोलमध्ये ३६ फोटो, धुऊन यायला आठवडा, त्यातले पाच-सहा दाखवण्यालायक. प्रोजेक्टरच्या चकतीत ८० स्लाइड बसायच्या आणि आम्ही ८० कधी भरल्या नाहीत. दर वेळी खटक असा आवाज व्हायचा, दोन स्लाइडच्या मध्ये क्षणभर अंधार, आणि त्या अंधारात लोक बोलायचे, "ह्याच्या आधीचं परत दाखवा". कोडॅकने २००४ मध्ये ते प्रोजेक्टर बनवणं बंद केलं, पण माझा माळ्यावर आहे अजून, बल्ब मिळत नाही.

पाणकावळ्याने सांगितलं ते सगळं बरोबर, पण रानजाईताई, तुम्ही व्हिडिओ करताच कशाला? हॉलमध्ये तुम्ही स्वतः हजर असताना ७ सेकंदांचं घड्याळ लोकांच्या डोक्यावर का बसवायचं? कुर्डूपाशी ती भांडणं झाली ना, तोच तुमचा खरा कार्यक्रम होता, आणि व्हिडिओ त्याच्या पुढे पळून गेला. फोटो प्रेझेंटेशनमध्ये टाका, बाणाचं बटण तुमच्या बोटाखाली ठेवा, कुर्डूवर लोक बोलायला लागले तर पाच मिनिटं थांबा. गाण्यांची गरजच उरत नाही. अक्षरांचंही चित्र करत बसू नका, प्रेझेंटेशनमध्ये मराठी नीट उमटतं.

लेकीसाठी वेगळा तीन मिनिटांचा व्हिडिओ करा, तिथे कोणी भांडायला नाही.

घाटवाट

+१ जुना_रोल काका. फोटो निवडताना एक करा. आधी त्यांचं ओळखीचं काहीतरी आणि त्यावरून तुमच्या दुर्मिळ फुलाकडे. कासला तो पिवळा मिकी माउस म्हणून सगळे फोटो काढतात ना, तो कवला, त्याच्याच भावकीतल्या कवळ्याची पावसाळ्यात भाजी करतात. म्हणजे आधी भाजी दाखवा, मग मिकी माउस. टाकळा, भारंगी, फोडशी या रानभाज्या, हे पठारावर जाता-येता सगळीकडे दिसतं, तुमच्याकडे असणारच, तुम्ही डिलीट केलं नसेल तर. शेवळंचा फोटो असेल तर अवश्य घाला, आमच्याकडे ती भाजी काकडं (रानफळं) घालून करतात नाहीतर घशाला खाज, त्यावर अर्धा तास जाईल.

आणि सीतेची आसवं नुसती निळी-जांभळी फुलं म्हणून दाखवलीत तर लोक "छान" म्हणून गप्प बसतील. ती किडेखाऊ आहे, चिखलात मुळांसारखे जे धागे असतात त्यावर बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव खेचले जातात, हे सांगा. नाव सीतेचं आणि धंदे असे, आजी सोडणार नाहीत तुम्हाला.

एक कळकळीची विनंती, नेटवर टाकाल तेव्हा फोटोतलं लोकेशन काढून टाका, आणि आमऱ्या नेमक्या कुठे सापडल्या ते लिहू नका. २०१२ ला कास जागतिक वारसा यादीत आलं तेव्हापासूनची गर्दी आपण बघतोच आहे, एका फोटोसाठी लोक शेजारची पन्नास फुलं तुडवतात. तुम्ही पालथ्या पडलात ते कुठे पडलात हे बघून पडला असालच, पण मागचा येणारा बघत नाही.

पाणकावळा

काका जिंकले. व्हिडिओ नको, मान्य.

गाण्यांचं लेकीच्या व्हिडिओपुरतं सांगतो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं राहतो, पण गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. त्यामुळे तबकडी जुनी आहे म्हणून गाणं मोकळं झालं असं नसतं. युट्यूबची स्वतःची ऑडिओ लायब्ररी आहे ती घ्या, नाहीतर सर्वात भारी म्हणजे पुढच्या वेळी पठारावर मोबाइल खिशातून काढून दोन मिनिटं नुसतं रेकॉर्ड करा, वारा, पाऊस, बेडूक. वारा फडफडतो म्हणून फोन टोपीच्या आडोशाला धरा. अपलोड करताना अनलिस्टेड ठेवा, लिंक असेल त्यालाच दिसेल.

हो, आणि फाइलींना ००१, ००२ अशी नावं द्या. १, २, ३ दिलीत तर काही टीव्ही १ नंतर १० दाखवतात, मग तुमची भाजी आणि मिकी माउस यांची ताटातूट.

रानजाई

किती आभार मानू! काका, तुमचा प्रतिसाद मी चौघींना वाचून दाखवला आणि त्यावरून आमच्यातच जुंपली, कारण २४० चे ९० करायचे म्हणजे कोणाचे काढायचे. शेवटी नाव झाकून मतदान केलं. माझे सगळ्यात जास्त उडाले. वायतुऱ्याचा काढायला तिघी निघाल्या होत्या, "पाण्यात दोन काड्या" म्हणे, तो मात्र मी ठेवलाय, ज्याच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचं नाव आहे ते फूल साताऱ्यातल्या संघात नाही दाखवायचं तर कुठे?

काल घरी सासूबाईंसमोर रंगीत तालीम केली, हातात बाण ठेवून. त्या ८४ वर्षांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हटलं यांना दिसलं तर सगळ्यांना दिसेल. फोडशीपाशी थांबल्या त्या थांबल्याच. लहानपणी आईबरोबर डोंगरावर जाऊन खुडायच्या, परकराच्या ओच्यात भरून आणायच्या, मुळासकट उपटली की आई ओरडायची, पुढच्या वर्षी काय खाशील म्हणून. माझ्या लग्नाला ३१ वर्षं झाली, हे मी कधी ऐकलं नव्हतं. ९० पैकी ३८ व्या फोटोपर्यंत पोचलो तेव्हा पाऊण तास झाला होता आणि कुकर लावायचा राहिला होता. म्हणजे ९० पण जास्तच आहेत, आता ४५ करतोय. दवबिंदूचा एकच ठेवलाय, चिखलासकट.

गडद हिरवे, सावलीतले फोटो भिंतीवर एकदम काळे पडले, ते थोडे उजळून घेतले. गच्चीवर करायचा बेत होता तोही रद्द, कोजागिरीचा चंद्र आणि प्रोजेक्टर यांचं काही जमत नाही.

सुपारी_खांड, दूध आधीच द्यायचं ठरलंय, ठराव एकमताने मंजूर.

आता एकच अडलंय. बाण माझ्या हातात म्हणजे लॅपटॉप माझ्याजवळ पुढे, आणि संघाचा प्रोजेक्टर मागे भिंतीला ठोकलेला, त्यांच्याकडची एचडीएमआय वायर जेमतेम हातभर आहे. साताऱ्यात कोणाकडे ३०-३५ फुटी वायर असेल तर एका संध्याकाळपुरती हवी आहे, व्यनि (खाजगी निरोप) करा. मसाला दुधाचा पेला राखून ठेवीन.